ताज्या बातमीची उसळी कशी ओळखावी आणि तिला क्रम कसा द्यावा

ट्रेंडच्या यादीत जो विषय सर्वांत वर दिसतो, त्याबद्दल त्या घडीला सर्वांत जास्त लोक बोलत असतात, असा बहुतेकांचा समज असतो आणि तो चुकीचा आहे. नुसती संख्या मोजली तर हवामान, शेअर बाजार आणि दोन-चार लोकप्रिय कलाकार हेच बारा महिने यादीच्या माथ्यावर बसून राहतील आणि अशा यादीचा वार्ताहराला काडीचाही उपयोग होणार नाही. २०१०च्या डिसेंबरमध्ये गोपनीय सरकारी कागदपत्रे उघड करणाऱ्या विकिलीक्सची चर्चा सगळीकडे चालू असूनही ट्विटरच्या यादीत ते नाव का दिसत नाही, ते मुद्दाम दडपले जात आहे काय, अशी तक्रार झाली, तेव्हा कंपनीने केलेला खुलासा थोडक्यात हाच होता की, विषय किती मोठा आहे यापेक्षा तो नेहमीच्या मानाने किती झपाट्याने वाढला, यावर यादी ठरते.

हे एवढे ध्यानात ठेवले, तर शंभर-दोनशे वृत्तसंकेतस्थळांवर नजर ठेवणारा छोटा ट्रॅकर एका साध्या संगणकावर उभा करता येतो. तो कसा उभा करावा, हे पुढे सांगितले आहे. ज्यांना प्रोग्रॅम लिहायचा नाही, पण रोज अशा याद्या वाचाव्या लागतात, त्यांनाही यादीमागे काय चालते ते यावरून कळेल. नव्याने काम करणारे लोक क्रम लावण्याच्या सूत्रावर आठवडेच्या आठवडे घालवतात, असे मी अनेकदा पाहिले आहे. प्रत्यक्षात बहुतेक चुका त्याआधीच झालेल्या असतात: एक तर ‘नेहमीचे’ म्हणजे किती, हे धड ठरवलेले नसते आणि दुसरे म्हणजे एकच बातमी चाळीस वेळा मोजली गेलेली असते.

बातम्या गोळा करणे

सुरुवात आरएसएस फीडपासून, म्हणजे संकेतस्थळाने यंत्रांना वाचता यावी म्हणून ठेवलेल्या नव्या लेखांच्या यादीपासून, करावी. बहुतेक वृत्तसंकेतस्थळे अजूनही ती देतात आणि त्यांत मथळा, दुवा, प्रसिद्धीची वेळ आणि बहुधा दोन-तीन ओळींचा गोषवारा मिळतो, जो आपल्या कामाला पुरेसा असतो. फीड नसेल तर सर्च इंजिनांसाठी ठेवलेला बातम्यांचा साइटमॅप, म्हणजे लेखांच्या दुव्यांची यादी, पाहावा. गूगलच्या नियमाप्रमाणे त्यात फक्त गेल्या दोन दिवसांतले लेख ठेवायचे असतात, त्यामुळे जुना माल आपोआप गाळला जातो. दर दोन-तीन मिनिटांनी फीड मागवताना मागच्या वेळी सर्व्हरने दिलेला ईटॅग (त्या आवृत्तीची खूण) परत पाठवावा, म्हणजे काही बदललेले नसल्यास सर्व्हर केवळ ३०४, म्हणजे ‘बदल नाही’, असे उत्तर देतो आणि दोन्हीकडचा भार वाचतो. ही सभ्यता पाळली नाही, तर आपल्या संगणकाचा इंटरनेटवरचा पत्ता लवकरच अडवला जातो. वेबसब ही पद्धत, जी २०१८मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची शिफारस म्हणून मान्य झाली, वापरणारी संकेतस्थळे नवा लेख आल्याबरोबर स्वतःच कळवतात. पण अशी संकेतस्थळे थोडी, तेव्हा केवळ तिच्यावर विसंबून राहू नये.

प्रत्येक नोंदीबरोबर दोन वेळा लिहून ठेवाव्यात: संकेतस्थळाने सांगितलेली प्रसिद्धीची वेळ आणि आपल्याला ती नोंद पहिल्यांदा दिसली ती वेळ. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण मी ती अंगाशी आल्यावरच शिकलो. आम्ही बांधलेल्या पहिल्या ट्रॅकरमध्ये एका संकेतस्थळाची एक साधी नेमणुकीची बातमी दिवसभर पहिल्या क्रमांकावरून हलेना. शोध घेतल्यावर दिसले की, त्या फीडमधल्या वेळा घड्याळाच्या पाच तास पुढे होत्या. बातमी जुनी होईल तशी मागे पडावी म्हणून आमचे सूत्र दर दोन तासांनी तिचे गुण निम्मे करत असे. बातमीचे वय उणे पाच तास आल्यामुळे त्याच सूत्राने तिचे गुण साडेपाच पटींहून अधिक केले आणि दर वेळी त्या फीडमधली नवी नोंद येऊन तिला पुन्हा तजेला मिळत गेला. तेव्हापासून प्रसिद्धीची वेळ भविष्यातली निघाली, तर ती बाजूला ठेवून स्वतःची वेळ धरायची, असा नियम केला.

अक्षरे एकसारखी करणे

मराठी किंवा कोणतीही देवनागरी भाषा हाताळायची असेल, तर मोजणीपूर्वी मजकुराची साफसफाई करणे अटळ आहे. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो: नुक्त्याच्या स्वतंत्र ‘ऱ’ला हलन्त जोडून किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि तुमची मोजणी निम्म्यावर येते. युनिकोड या अक्षरसंकेताचे ठरलेले सामान्यीकरण करावेच, पण ते ही दोन रूपे एक करत नाही, म्हणून त्यासाठी स्वतःचा नियम लिहून अशी रूपे एका रूपात आणावीत. पुढचा प्रश्न विभक्तीचा. ‘भूकंप’, ‘भूकंपाचा’, ‘भूकंपात’, ‘भूकंपामुळे’ हे ट्रॅकरसाठी एकच असायला हवेत. संपूर्ण व्याकरण शिकवण्याची गरज नाही. नेहमीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये कापणारी पन्नास-साठ नियमांची यादी बरेच काम भागवते. तिच्यामुळे अधूनमधून एखादे आडनावही कापले जाते, तेव्हा व्यक्तींची आणि गावांची नावे वेगळ्या यादीत ठेवून त्यांना हात लावू नये.

एक घटना, एक गठ्ठा

आता सर्वांत महत्त्वाचे काम. वृत्तसंस्थेने एक बातमी सोडली की, ती काही मिनिटांत डझनावारी संकेतस्थळांवर जशीच्या तशी चढते. यंत्राला वाटते की, चाळीस जणांनी स्वतंत्रपणे काहीतरी पाहिले; खरे तर एकाच वार्ताहराने पाहिलेले असते. अशा नकला ओळखण्यासाठी मजकुराचे सलग पाच-पाच शब्दांचे तुकडे करावेत आणि दोन लेखांचे किती तुकडे समान आहेत ते पाहावे; आन्द्रेई ब्रोडर यांनी १९९७मध्ये अल्टाव्हिस्टा या सर्च इंजिनासाठी काम करताना ही तुलना फार थोड्या आकड्यांवर आणण्याची युक्ती मांडली. दुसरी रीत सिमहॅशची. तिच्यात प्रत्येक लेखाचा ६४ बिटांचा, म्हणजे ० किंवा १ अशा ६४ अंकांचा, ठसा काढला जातो आणि जवळजवळ सारख्या लेखांचे ठसेही जवळजवळ सारखे येतात. गूगलच्या अभियंत्यांनी २००७मध्ये दाखवले होते की, आठ अब्ज पानांच्या साठ्यात ६४ बिटांपैकी ३ बिटांपर्यंतचा फरक चालवून घेतला, तर नकला समाधानकारकपणे पकडता येतात. आपल्या काही हजार लेखांसाठी ब्रोडर यांची तुकड्यांची पद्धत पुरते आणि ती समजायलाही सोपी आहे. नकल फेकून मात्र देऊ नये. तिला मूळ लेखाच्या खाली टाचून ठेवावे, कारण किती जणांनी ती उचलली हा आकडा पुढे वेगळ्या कामाला येतो.

नकला बाजूला काढल्यावर एकाच घटनेवरचे पण वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेले लेख एका गठ्ठ्यात आणायचे असतात. यासाठी जुनीच रीत अजूनही चांगली चालते: प्रत्येक शब्दाला त्याच्या दुर्मिळतेनुसार वजन द्यायचे, म्हणजे ‘आज’, ‘अधिकारी’, ‘माहिती’ यांना जवळजवळ शून्य आणि एखाद्या धरणाच्या नावाला भरपूर, मग नव्या लेखाची तुलना चालू गठ्ठ्यांशी करायची आणि साम्य ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर त्यात टाकायचे, नाहीतर नवा गठ्ठा उघडायचा. दुर्मिळतेच्या वजनाची कल्पना संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२मध्ये मांडली होती. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या, म्हणजे डार्पाच्या, पुढाकाराने १९९६च्या सुमारास सुरू झालेल्या घटनाशोधाच्या प्रकल्पात असेच काम सुरू झाले आणि त्यातही ‘ही घटना अगदी नवी आहे’ हे पहिल्याच लेखावरून ओळखणे सर्वांत अवघड ठरले. ते स्वाभाविकच आहे, कारण नवेपण सिद्ध करायचे म्हणजे आधीच्या कोणत्याच गोष्टीशी ते जुळत नाही हे दाखवायचे.

इथे एक फसवी जागा आहे. एकाच दिवशी दोन ठिकाणी कारखान्यांना आग लागली, तर दोन्ही बातम्यांत आग, कारखाना, अग्निशमन दल, कामगार, जखमी हे सगळे शब्द समान असतात आणि भोळा ट्रॅकर दोन्ही घटना एकत्र करून मृतांचे आकडे एका मथळ्याखाली दाखवतो. असे होऊ नये म्हणून ठिकाणाच्या आणि व्यक्तीच्या नावांना इतर शब्दांपेक्षा दुप्पट-तिप्पट वजन द्यावे आणि दोन लेखांतली ठिकाणांची नावे पूर्णपणे वेगळी असतील, तर बाकीचे साम्य कितीही असले तरी त्यांना वेगळे ठेवावे. गठ्ठा किती वेळ उघडा ठेवायचा, हेही ठरवावे लागते. शेवटचा लेख आल्यावर ४८ तास ही मुदत मला ठीक वाटते, नाहीतर वर्षानुवर्षे चाललेल्या खटल्याच्या गठ्ठ्यात सगळ्या न्यायालयीन बातम्या ओढल्या जातात.

उसळी मोजणे

दिवसाचे दहा-दहा मिनिटांचे टप्पे करावेत आणि प्रत्येक शब्द किंवा नाव त्या टप्प्यात किती वेगवेगळ्या लेखांत आले ते मोजावे. त्याची तुलना कशाशी करायची? कालच्या दिवसाशी नव्हे, कारण रविवारी पहाटे आणि सोमवारी सकाळी अकराला बातम्यांचा ओघ सारखा नसतो. गेल्या चार आठवड्यांतील त्याच वाराच्या त्याच तासाची सरासरी, ही तुलनेची निदान बरी पायरी आहे. याचा अर्थ ट्रॅकर सुरू करून पहिले चार आठवडे त्याच्या इशाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. ते केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. ‘निवडणूक’ हा शब्द या वेळी सरासरी ४०० वेळा येतो, आज ४६० वेळा आला. ‘भूकंप’ सरासरी ४ वेळा येतो, आज १४ वेळा. आणि एका अपरिचित गावाचे नाव सरासरी ०.१ वेळा, म्हणजे दहा टप्प्यांत एकदा येते, ते आज २ वेळा आले. वाढीचा फरक मोजला तर निवडणूक ६० गुणांनी पहिली येते. किती पट वाढ झाली ते पाहिले तर गाव २० पटींनी पहिले येते. दोन्ही उत्तरे निरुपयोगी आहेत, हे कोणताही उपसंपादक पाहताक्षणी सांगेल.

म्हणून वाढीला नेहमीच्या चढउताराने भागायचे. विरळ येणाऱ्या गोष्टींचा चढउतार ढोबळमानाने सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो, तेव्हा फरकाला सरासरीच्या वर्गमुळाने भागावे. पण एवढ्याने गावाचे नाव अजूनही ६ गुण घेऊन भूकंपाच्या ५ गुणांपुढे राहते, कारण भाजक फारच लहान आहे. भाजकात १ मिळवला की चित्र बदलते: भूकंप १० भागिले ३, म्हणजे ३.३, निवडणूक ६० भागिले २१, म्हणजे २.९, आणि गाव १.९ भागिले १.३, म्हणजे सुमारे १.४. हा मिळवलेला १ पोथीतला नाही, अनुभवाचा आहे. लेखांचा ओघ मोठा असेल तर तो वाढवावा. प्रत्यक्षातले चढउतार वर्गमुळाच्या हिशेबापेक्षा मोठे असतात, कारण बातम्या एकेकट्या येत नाहीत, झुंडीने येतात. म्हणून ३ गुणांवर लगेच घंटा वाजवण्याऐवजी सलग दोन टप्प्यांत ती मर्यादा ओलांडली गेली तरच इशारा द्यावा. यात दहा मिनिटे जातात, पण निम्म्या रात्री फुकट उठावे लागत नाही.

याहून नेटका विचार संगणकशास्त्रज्ञ जॉन क्लाइनबर्ग यांनी २००२मध्ये मांडला. त्यांच्या पद्धतीत ओघाच्या दोन अवस्था कल्पिल्या आहेत, शांत आणि उसळलेली, आणि एका अवस्थेतून दुसरीत जाण्यासाठी किंमत मोजावी लागते. त्यामुळे किरकोळ चढउताराने यंत्र सारखे इकडून तिकडे उड्या मारत नाही. वरचे साधे गणित बसले की मगच या वाटेला जावे.

आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टींची एक दिनदर्शिका ट्रॅकरला द्यावी. सण, अंतिम सामने, परीक्षांचे निकाल, थोरामोठ्यांच्या जयंत्या आणि पुण्यतिथ्या या दिवशी शब्दांची उसळी येणारच असते. ती खरी असली तरी ताजी बातमी नसते. एखाद्या दिवंगत नेत्याच्या पुण्यतिथीला ‘निधन’ हा शब्द त्यांच्या नावाशेजारी शेकडो ठिकाणी दिसतो आणि यंत्र काल नव्हे, आजच ते गेले असे समजते.

समाजमाध्यमांवरील मजकूर घेतला तर वेग वाढतो, पण गाळणी अधिक बारीक लागते. टोकियो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१०मध्ये ट्विटरवरच्या संदेशांवरून भूकंप ओळखून दाखवले. प्रत्येक वापरकर्ता हा जणू एक भूकंपमापक, अशी त्यांची कल्पना होती आणि जपानच्या हवामान संस्थेच्या मोजपट्टीवर तीव्रता ३ किंवा त्याहून अधिक असलेल्या भूकंपांपैकी ९६ टक्के त्यांनी पकडले. त्यांच्या यशातला कळीचा भाग मात्र मोजणीच्या आधीचा आहे: ‘आत्ता हादरा बसला’ आणि ‘भूकंपावरच्या परिषदेला निघालो आहे’ या दोन संदेशांत शब्द एकच असला तरी पहिलाच मोजायचा, हे त्यांनी यंत्राला आधी शिकवले.

क्रम लावणे

उसळी सापडली की क्रम लावणे तुलनेने सोपे असते. सगळ्या प्रसिद्ध सूत्रांत एकच ओढाताण असते, वजन आणि वय यांची. हॅकर न्यूज या संकेतस्थळावर वाचकांच्या मतांवरून लेखांचा क्रम लागतो. त्याचे जे सूत्र सर्वत्र सांगितले जाते, त्यात मतांतून १ वजा करून त्या संख्येला, तासांत मोजलेल्या वयात २ मिळवून येणाऱ्या संख्येच्या १.८ व्या घाताने भागतात. त्यानुसार एक तासाच्या ६१ मतांच्या लेखाला सुमारे ८.३ गुण मिळतात, तर दहा तासांच्या ३०१ मतांच्या लेखाला ३.४. अशाच मतांवर चालणाऱ्या रेडिट या संकेतस्थळाच्या जुन्या, खुल्या केलेल्या सूत्रात मतांचा लॉगॅरिथम (दर दहापटीला एकच पायरी धरणारे माप) घेतात आणि त्यात ४५,००० सेकंदांच्या हिशेबाने वेळ मिळवतात. म्हणजे साडेबारा तास जुन्या लेखाला नव्या लेखाची बरोबरी करायला दहापट मते लागतात.

बातम्यांच्या ट्रॅकरसाठी मी मतांच्या जागी स्वतंत्र स्रोतांची संख्या धरतो, तिचा लॉगॅरिथम घेतो, त्याला उसळीच्या गुणांनी गुणतो आणि दर दोन तासांनी हे गुण निम्मे करतो. लॉगॅरिथम यासाठी की, एका स्रोतावरून चारवर जाणे ही मोठी गोष्ट आहे, चाळीसवरून त्रेचाळीसवर जाणे नव्हे. एकच स्रोत असेल तर लॉगॅरिथम शून्य येतो आणि ती बातमी यादीत चढतच नाही. ती ‘एका ठिकाणाहून’ अशा वेगळ्या रकान्यात माणसासाठी थांबते. हे मी जाणूनबुजून केले आहे.

त्यामागचे कारण २३ एप्रिल २०१३ रोजीच्या घटनेत आहे. त्या दिवशी असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या ट्विटर खात्यात घुसखोरांनी शिरून व्हाइट हाउसमध्ये दोन स्फोट झाल्याचा आणि राष्ट्राध्यक्ष ओबामा जखमी झाल्याचा खोटा संदेश टाकला. काही मिनिटांत अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक १४०हून अधिक अंकांनी घसरला आणि खुलासा होताच तितक्याच झपाट्याने सावरला. वेग, स्रोताची प्रतिष्ठा आणि पुढे पाठवणाऱ्यांची संख्या या तिन्ही कसोट्यांवर तो संदेश पहिला आला असता. त्याला स्वतंत्र दुजोरा मात्र एकही नव्हता, कारण व्हाइट हाउसमध्ये हजर असलेल्या इतर वृत्तसंस्थांच्या वार्ताहरांना काहीच ऐकू आले नव्हते.

माणसाला वगळू नये, असे मी म्हणतो ते याच जातीच्या अनुभवांवरून. फेसबुकने २०१४मध्ये सुरू केलेल्या ट्रेंडिंग विभागातून ऑगस्ट २०१६मध्ये संपादकांना काढले, त्यानंतर काही दिवसांतच एका वृत्तनिवेदिकेला नोकरीवरून काढल्याची खोटी बातमी यादीत चढली आणि जून २०१८मध्ये तो विभागच बंद झाला. याउलट टेकमीम हे तंत्रज्ञानाच्या बातम्यांचे संकेतस्थळ २००५मध्ये यंत्राच्या जोरावर सुरू झाले आणि २००८मध्ये त्याने मुद्दाम संपादक नेमले.

दुसऱ्यांची यादी वाचताना

लोक गूगलवर काय शोधतात ते दाखवणारे गूगल ट्रेंड्ससारखे साधन वापरताना त्यातला १०० हा आकडा शोधांची संख्या नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. निवडलेल्या काळात आणि प्रदेशात, एकूण शोधांच्या प्रमाणात त्या शब्दाचा वाटा जिथे सर्वाधिक होता तिथे १०० मांडतात आणि बाकीचे आकडे त्याच्या तुलनेत बसवतात. त्यामुळे दोन वेगवेगळ्या आलेखांवरचे १०० एकमेकांच्या शेजारी ठेवून काहीही निष्कर्ष निघत नाही. दोन शब्दांची तुलना करायची तर ते एकाच आलेखात टाकावेत. संबंधित शोधांच्या यादीत टक्केवारीऐवजी ‘ब्रेकआउट’ लिहिलेले असेल तर वाढ ५,००० टक्क्यांहून अधिक आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो शब्द आधी जवळजवळ कोणीच शोधत नसेल, तर एवढी वाढ व्हायला मूठभर लोकही पुरतात.

वहीत काय लिहावे

ट्रॅकर चालू झाल्यावर प्रत्येक इशाऱ्यासाठी तीन वेळा लिहून ठेवाव्यात: आपल्याला पहिला लेख दिसला ती, इशारा गेला ती आणि घटनेला अधिकृत दुजोरा मिळाला ती. शेजारी खरा की खोटा एवढी खूण करावी. ज्या मोठ्या बातम्यांचा इशारा गेलाच नाही, त्यांची वेगळी यादी संध्याकाळी वर्तमानपत्रे आणि वृत्तवाहिन्या पाहून हाताने भरावी; हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात, पण त्याशिवाय ३ ही मर्यादा २.५ करावी की ४, हे ठरवायला आधारच उरत नाही. मर्यादा खाली आणली की सुटलेल्या बातम्या कमी होतात आणि खोटे इशारे वाढतात. यातले किती चालतील, हे यंत्र सांगू शकत नाही. रात्रपाळीला एकच माणूस असेल तर त्याला तासाला दोनपेक्षा जास्त इशारे झेपत नाहीत, असा माझा अंदाज आहे आणि आमच्याकडची मर्यादा दिवसा ३ आणि रात्री ४ अशी त्याच हिशेबाने ठेवलेली आहे.